एकट्यानं प्यायची पुडी

एका सोमवारी सकाळी एलिजियो ओवेलारनं तेरेरे एकट्यानं प्यायचं ठरवलं, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो मरायला टेकल्याची बातमी सगळ्या नगरपालिकेत पसरली.

यात नगरपालिकेची काही चूक नव्हती. सान ब्लासमध्ये माणूस एकट्यानं जेवेल, एकट्यानं झोपेल, प्रसंग पडला तर एकट्यानं नाचेलही. पण बर्फाच्या पाण्याचा थर्मास काखेत मारून, शिंगाच्या पेल्यात येर्बाचा पाला भरून, आपला आपणच नळीनं ओढत बसलेला माणूस कोणी पाहिला नव्हता. पेला एक, नळी एक आणि भोवती माणसं, म्हणजे तेरेरे. त्यातून एलिजियो हा जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावरचा कारकून. कचेरीतली सकाळची फेरी वर्षानुवर्षं त्याच्याच हातून चालायची. (नोंदणीच्या कामात त्याचा हात धरणारे पुष्कळ होते, तेरेरे ओतण्यात कोणी नव्हतं.) तो एलिजियो त्या दिवशी जुन्या फायलींच्या खोलीत शिरला आणि त्यानं आतून दार लोटून घेतलं.

शेजारच्या टेबलावरच्या सेकुंदिनोनं थोडा वेळ वाट पाहिली आणि दार ढकललं.

"काय रे, रुसलास आमच्यावर?"

"नाही रे बाबा."

"मग काही लागण झालीय?"

"नाही म्हणतो ना!"

"मग बायकोनं शपथ घातली असणार."

"बायकोनं नाही, विज्ञानानं," एलिजियो गंभीरपणे म्हणाला. "मला याच्यावर बोलायची परवानगी नाही."

सेकुंदिनोचा चेहरा उतरला. त्यानं छातीवर क्रूस काढला, दार हलकेच लावलं आणि बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं की डॉक्टरांनी हात टेकलेत, आता बिचाऱ्यावर नवीन काहीतरी करून बघताहेत.

दुपारी एलिजियो जेवायला घरी गेला, तर शिंपीण बेनिग्नाबाई टेप घेऊन अंगणात बसलेली.

"अगं बाई, मला कशाला सुतकाचा काळा झगा?" त्याची बायको फेलिसिता तिला म्हणत होती. "हा बघ, आला चालत. चांगला धडधाकट आहे."

बेनिग्नाबाईनं एलिजियोला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चालतोय खरा. पण माप घेऊन ठेवायला काय हरकत आहे?"

खरी गोष्ट एवढीच होती की एलिजियोच्या डाव्या मूत्रपिंडात मसुरीएवढा खडा होता. डॉक्टर म्हणाले होते, पाणी भरपूर प्या, नाहीच पडला तर पुढचं बघू. त्या 'बघू'मध्ये एलिजियोला सुरी, टाके आणि पांढरी चादर सगळं स्पष्ट दिसलं होतं. (तो भित्रा नव्हता. त्याला फक्त ऑपरेशनची, इंजेक्शनची आणि दवाखान्याच्या वासाची भीती वाटायची.)

आता गंमत अशी की फेलिसिता बाजाराच्या कोपऱ्यावर औषधी पाला विकायची. पोट बिघडलेले, झोप न लागणारे, प्रेमभंग झालेले, सगळे सकाळी तिच्या उखळापाशी रांग लावायचे. ती पाला कुटायची आणि ज्याच्या त्याच्या थर्मासात घालून द्यायची. मुतखडा म्हटला की तिचा हात आपोआप पारापाराईच्या जुडीकडे जायचा. गावाचे खडे पाडणाऱ्या या बाईच्या नवऱ्यानं मात्र तो पाला कधी तोंडाला लावला नव्हता. घरचं औषध म्हणजे त्याला बायकोचा आणखी एक हुकूम वाटे.

पण निमियानं सांगितल्यावर गोष्ट वेगळी झाली. निमिया ही फेलिसिताच्या गेलेल्या बहिणीची मुलगी. याच घरात, याच उखळाच्या आवाजात वाढलेली, आणि आता राजधानीत, असुन्सिओनला, डॉक्टरेट करणारी. घराण्यात विद्यापीठाची पायरी चढलेली पहिलीच. तिनं विषयही घरचाच घेतला होता, पारापाराई. त्यावरून आल्या आल्या मावशीशी तिची जुंपली.

"मावशी, काचेच्या नळीत हा पाला खड्याचे कण वाढू देत नाही, हे दिसलंय. उंदरांमध्येही बरं दिसलं. माणसांत अजून धड पुरावा नाही. काही अभ्यास हो म्हणतात, काही म्हणतात विशेष फरक नाही."

"उंदरांना विचारलंस आणि मला नाही विचारलंस?"

"तुझ्याकडे बरा झालेला माणूस सांगायला परत येतो. जो होत नाही तो दुसरीकडे जातो. तो कधी मोजलास?"

फेलिसितानं उखळ पुढे ओढलं. पण संध्याकाळी ती शेजारणीला सांगत होती, "पोरगी काय बोलते! मलाच गप्प केलं."

म्हणून निमियानं इथली आणि आणखी काही गावांतली मुतखड्याची माणसं गोळा केली. प्रत्येकाला पुड्या मिळाल्या, रोज एक. निम्म्या लोकांच्या पुडीत पारापाराई, निम्म्यांच्या पुडीत तसाच दिसणारा, काहीही न करणारा पाला. कोणाला कुठली, ते खुद्द निमियालाही माहीत नव्हतं. ते फक्त असुन्सिओनच्या प्राध्यापकबाईंना ठाऊक. फेलिसिताला तर निमियानं पुड्यांचा वास घ्यायचीच बंदी केली होती, त्यामुळे एलिजियो पुडी फोडायला लागला की ती नाकाला पदर... म्हणजे ॲप्रनचं टोक लावून कोंबड्यांकडे निघून जायची.

"तेरेरेत घाला, हरकत नाही," निमियानं काकाला बजावलं होतं, "पण एकट्यानं प्या. दुसऱ्याला द्यायचं नाही, दुसऱ्याचं घ्यायचं नाही. काका, माझी शिष्यवृत्ती या उन्हाळ्यापर्यंतच आहे. हे बिघडलं तर मला परत काही मिळायचं नाही. सगळं सोडून घरी यावं लागेल."

"माझ्यावर सोड," एलिजियो म्हणाला.

या पोरीसाठी त्यानं जीव दिला असता. पण जीव देणं त्या मानानं सोपं होतं. फायलींच्या खोलीत एकट्यानं तेरेरे पिताना त्याला दर घोटाला वाटायचं की आता पेला पुढे करावा, आणि समोर असायचं एकोणीसशे साठ सालचं मृत्यूंचं कपाट. बाहेर सेकुंदिनो फेरी चालवायचा, ती पण भिकार, पाणी एकदम ओतून. एलिजियोला दाराआडून ऐकूनच कळायचं. आठवडाभरात त्याची भूक गेली.

एका सकाळी तो चिपा, म्हणजे चीजचे पाव, घ्यायला विल्फ्रिदोच्या बेकरीत गेला, तर दुकानात कोणी नाही. आत डोकावला. भट्टीच्या मागे, घामानं निथळत, विल्फ्रिदो थर्मास मांडीवर घेऊन चोरासारखा बसला होता.

"तू पण?" एलिजियोनं विचारलं.

"मी पण," विल्फ्रिदो रडवेला होऊन म्हणाला. "गिऱ्हाइकं म्हणतात, मला माज चढलाय. सख्ख्या मेव्हण्यानं बोलणं टाकलं."

दोघं मिळून चर्चमध्ये गेले. कारण गावाचे पाद्री पाई (म्हणजे फादर) अन्सेल्मो, तेही यादीत असल्याचं विल्फ्रिदोला ठाऊक होतं. ते वेदीमागच्या खोलीत मेणबत्त्यांच्या खोक्यावर बसून पीत होते. दोघांना बघून त्यांनी पेला झग्याच्या घोळात लपवला.

"लोकांची पापं ऐकणारा मी," ते म्हणाले, "आणि लपून पिणारा मीच. मला रात्री झोप लागत नाही."

त्या क्षणी एलिजियोला ती कल्पना सुचली. (त्याला कल्पना क्वचित सुचत, पण सुचल्या की त्या घरभर पुरत.)

"पाई, निमिया एकट्यानं प्या का म्हणाली? बाहेरच्या माणसाच्या पोटात औषध जाऊ नये म्हणून. बरोबर? आता आपण एकमेकांना बाहेरचे आहोत का? सगळे एकाच अभ्यासातले, सगळे खडेवाले. म्हणजे आपण सगळे मिळून एकटेच की!"

पाई अन्सेल्मोंनी डोळे मिटून विचार केला. एरवी त्यांनी या तर्काच्या चिंध्या केल्या असत्या. पण त्यांनाही बऱ्याच दिवसांत कोणाचा हात लागलेला पेला मिळाला नव्हता.

"यात खोट दिसत नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून चर्चच्या मागच्या आंब्याखाली खडेवाल्यांची फेरी सुरू झाली. सगळे आपापली पुडी घातलेला थर्मास घेऊन येत, पेला एक, नळी एक, आणि ओतायला एलिजियो. पहिला पेला रीतीप्रमाणे संत थॉमसचा. पाणी ओतायचं आणि पाला ते शोषून घेईपर्यंत हात जोडून थांबायचं.

"या कामाला हाच संत योग्य," पाई म्हणाले. "स्वतः बोट लावून पाहिल्याशिवाय त्यानं कशावर विश्वास ठेवला नाही."

एलिजियोची भूक परत आली. कचेरीतून निघून तो तडक आंब्याखाली जायचा. आधी तो पाळीपाळीनं सगळ्यांच्या थर्मासातून ओतायचा. पण दोन-चार दिवसांत त्याच्या जिभेनं निकाल दिला.

"विल्फ्रिदो, वाईट वाटून घेऊ नको. तुझ्यात दम नाही. पाई, तुमचं तर नुसतं गवत. हे माझं प्या. कसं उतरतंय बघा! हा खरा पाला."

"तुला काय कळतं?"

"पालेवालीचा नवरा आहे मी! आणि असं बघा, निमियाला आम्ही वाढवलं. ती काय काकाच्या पुडीत कचरा घालेल?" (कोणाची कुठली पुडी हे निमियालाच माहीत नव्हतं, ही बारीकशी अडचण त्यानं हातानंच उडवून लावली.)

सगळ्यांनी पिऊन पाहिलं आणि सगळ्यांना फरक जाणवला. पाईंना तर कंबरेत काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. खरं औषध आपल्याकडे असताना मित्रांनी गवत प्यायचं, हे एलिजियोच्या मनाला पटेना. त्यानं मन मोठं केलं. फक्त त्याचाच थर्मास फिरायला लागला, आणि संपला की त्यातच पुन्हा पुन्हा बर्फाचं पाणी. बाकीच्यांचे थर्मास आंब्याच्या मुळाशी ओतायचे, पुड्या मात्र रोजच्या रोज रिकाम्या करायच्या, असा त्यानं दंडक घातला. पोरीचा हिशोब चुकायला नको होता.

उन्हाळा चढला तशी फेरीही वाढली. सेकुंदिनो एकदा डोकावायला आला आणि बसला तो बसलाच.

अभ्यासाची मुदत संपली तेव्हा निमिया पुड्या मोजायला आली, आणि मोजता मोजता तिचा चेहरा फुलत गेला.

"काका, बाकीच्या गावांतून निम्म्या पुड्या न फोडता परत आल्या. लोक विसरतात, कंटाळतात. आणि इथं एक नाही राहिली! कसं केलंत?"

एलिजियोची छाती फुगली. "चल," तो म्हणाला, "दाखवतोच."

वाटेत त्यानं फेलिसितालाही दुकान बंद करायला लावलं. असा दिवस रोज येत नाही.

आंब्याखाली मैफल रंगात आली होती. निमियाला बघून सगळे उठले, विल्फ्रिदोनं तिच्यासाठी गरम चिपाची टोपली पुढे केली. निमिया हसत हसत बघत होती. मग तिनं पेला एका हातातून दुसऱ्या हातात जाताना पाहिला, आणि तिचं हसू हळूहळू कमी झालं.

"तुम्ही सगळे... एकाच पेल्यातून?"

"मग?" विल्फ्रिदो म्हणाला. "दहा पेले घेऊन बसायला आम्ही काय वैरी आहोत?"

"सेकुंदिनोकाकांना कधीपासून मुतखडा झाला?"

"झालेला नाही," सेकुंदिनो म्हणाला. "होऊ नये म्हणून पितोय."

"आणि प्रत्येकाच्या पुडीचं काय झालं?"

ते मात्र एलिजियोनं स्वतः सांगितलं. जिभेचा निकाल, मोठं मन, आंब्याची मुळं, सगळं सविस्तर, मध्ये मध्ये पाईंची साक्ष काढत. तो बोलत होता आणि फेलिसितानं कपाळाला लावलेला हात खाली यायला तयार नव्हता. निमियानं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती बाजूला गेली, तिनं प्राध्यापकबाईंना फोन लावला, बराच वेळ ऐकून घेतलं आणि परत आली.

"इथला अभ्यास रद्द झाला, म्हणून बाईंनी नावं सांगितली. विल्फ्रिदोकाकांची पुडी खरी होती. पाईंचीही खरी."

"आणि माझी?" एलिजियोनं विचारलं.

"खोटी, काका. नुसता वाळलेला पाला."

सगळे आंब्याकडे बघायला लागले. आंबा भलताच टवटवीत दिसत होता.

"याला मुतखडा असता," पाई हळूच म्हणाले, "तर आज पुरावा मिळाला असता."

सेकुंदिनोनं हातातला पेला हळूच खाली ठेवला.

"पण मला बरं वाटतंय!" एलिजियो म्हणाला. "खडा विरघळल्यासारखा वाटतो. शपथेवर सांगतो!"

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली. खडा मसुरीएवढाच होता आणि जागचा हलला नव्हता.

त्या संध्याकाळी निमिया स्वयंपाकघरात मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. फेलिसिता तिच्या केसांतून हात फिरवत होती आणि एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हणाली नाही. ते तिनं म्हणावं म्हणून एलिजियो बाहेर अंगणात ताटकळत उभा होता. आयुष्यात एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती. ज्या पोरीची त्यानं शाळेची वेणी घातली होती, तिचं सगळं शिक्षण त्यानं हसत हसत आंब्याच्या मुळाशी ओतलं होतं.

सकाळी त्यानं लग्नातला कोट घातला आणि कोणाला न सांगता असुन्सिओनची बस पकडली. विद्यापीठात प्राध्यापकबाईंची खोली सापडायला त्याला वेळ लागला. दार उघडंच होतं. बाई तीन-चार विद्यार्थ्यांबरोबर बसल्या होत्या.

"बाई, मी निमियाचा काका," तो दारातूनच म्हणाला. "चूक तिची नाही, माझी आहे. मला काय शिक्षा द्यायची ती द्या, तिचं शिक्षण थांबवू नका."

"अच्छा, ते तुम्ही!" बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग कमी आणि कुतूहल जास्त होतं. "मला एक सांगा, एवढं साधं काम होतं. एकट्यानं प्यायचं. ते का नाही जमलं?"

एलिजियो गोंधळला. त्याला खरोखरच प्रश्न कळला नाही.

"बाई, तुम्हाला जमतं?" त्यानं भाबडेपणानं विचारलं.

बाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. हातात पेला होता. त्यांच्या डावीकडचा विद्यार्थी पेला रिकामा व्हायची वाट बघत थर्मास धरून बसला होता. मग बाईंनी उरलेला घोट ओढला आणि पेला विद्यार्थ्याकडे दिला.

"बसा," त्या म्हणाल्या. "यांना ओत रे एक."

संध्याकाळी एलिजियो गावात उतरला तो जवळजवळ पळतच घरी आला. निमियाला बाईंचा फोन आधीच आला होता. शिष्यवृत्ती एक वर्ष वाढायची होती आणि अभ्यास नव्यानं व्हायचा होता, पण वेगळ्या रीतीनं. आता पुडी माणसाला नाही, फेरीला. एका फेरीतल्या सगळ्यांना खरी, दुसऱ्या फेरीतल्या सगळ्यांना खोटी. मग कोणी कोणाचं कितीही प्यायलं तरी बिघडत नाही.

"काका!" निमियानं त्याच्या गळ्यात हात टाकले. "बाई म्हणाल्या, इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता!"

एलिजियो त्या रात्री पोटभर जेवला. विज्ञानाला आपली गरज आहे, असं त्याला पूर्वीही वाटायचं, पण आता ते राजधानीतून कळलं होतं. चर्चमागच्या फेरीचा प्रमुख कोण होणार, हे उघडच होतं. त्यानं शिंगाच्या पेल्याला तेल लावून ठेवलं, नळी खळखळून धुतली, आणि रविवारी कोट चढवून तो चर्चमध्ये पहिल्या बाकावर जाऊन बसला. नव्या अभ्यासाची घोषणा पाई करणार होते.

प्रार्थना संपली. पाई अन्सेल्मोंनी चष्मा लावला.

"आपल्या निमियाच्या अभ्यासात ज्यांना यायचंय त्यांनी दारापाशी नावं द्यावीत. फेरीनं प्यायचंय, त्यामुळे या वेळी चुकायचं कारण नाही. फक्त काही जणांना भाग घेता येणार नाही. गरोदर बायका. अठरा वर्षांखालची मुलं. ज्यांना एकच मूत्रपिंड आहे ते." पाईंनी घसा खाकरला आणि पहिल्या बाकाकडे बघायचं कटाक्षानं टाळलं. "आणि एलिजियो ओवेलार."

सगळं चर्च वळून बघायला लागलं. मागच्या बाकावर सेकुंदिनोला खोकल्याची उबळ आली. एलिजियो हरकत घ्यायला अर्धवट उठला, तेवढ्यात फेलिसितानं त्याच्या कोटाची शेपटी धरून त्याला खाली ओढलं.

"बस गुपचूप," ती पुटपुटली. "लग्न नाही, मयत नाही, तरी चर्चमध्ये तुझं नाव वाचलं. आणखी काय पाहिजे तुला?"